उघडी पेंडी

आमगाव
११ जून २०२५

मोनाली,

वर आशीर्वाद लिहिला असता तर तू पत्र तिथंच फाडलं असतंस, म्हणून लिहिला नाही. मी तुझी मोठी माय, जमुना. अक्षर ओळखू आलंच असेल, तुला बाराखडी मीच गिरवायला लावली होती. माझा नंबर तू ब्लॉक केलास. पत्राला ती सोय नाही, पोस्टमन आणून टाकतोच. तुझ्या नर्सिंगच्या होस्टेलात पत्र येणारी तू एकटीच असशील, मैत्रिणी हसतील. हसू दे त्यांना.

मार्चमध्ये तू फोनवर एकच गोष्ट मागितलीस. "माय कुठं राह्यते, पत्ता दे. मले तिच्याकडून काही नाही पायजे. एक डाव समोर उभी राहीन अन् म्हणीन, पाय, तुझ्याविना झाली मी नर्स." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तू म्हणालीस, "साऱ्या जगाच्या पोरी हुडकून आणतं तू, अन् सोताची बहीण नाही सापडत? कायले खोटं बोलतं?" आणि फोन ठेवलास.

तुझं बरोबर होतं. पत्ता मला ठाऊक आहे आणि तेव्हाही होता. तो मी देणार आहे, पण या पत्रात नाही. इतकी वर्षं गिळलेलं एका कागदावर ओकता येत नाही.

दुसरी गोष्टही आताच सांगून टाकते, म्हणजे मागून म्हणशील की मतलबासाठी गोड बोलली. नऊ सप्टेंबरला गोंदियाच्या कोर्टात सेवकरामच्या केसमध्ये माझी साक्ष आहे. त्याआधी मला तुझ्याकडून काही हवं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाकडेच नाही. पण खरं न सांगता तुझ्यापुढे हात पसरायला मला लाज वाटते. कोर्टात काळ्या कोटातल्या परक्या माणसाकडून तुला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आज एवढंच. तुझी माय फुलवंता कोणाबरोबर पळून गेली नाही. कधीच नाही. ती बातमी गावात मी पसरवली.

आता फाडायचं तर फाड.

तुझी मोठी माय
जमुना


आमगाव
१९ जून

मोनाली,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. मी तेवढ्यावर खूश आहे.

सेवकराम तुला आठवत नसेल. शेजारच्या गावचा. दर वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला यायचा, आपल्या ओसरीवर जेवायचा, तुझ्या आजीला मावशी म्हणायचा. २०११ च्या उन्हाळ्यात त्यानं पंधरा बायांची टोळी जमवली. बाहेरच्या राज्यात धानाच्या रोवणीला जायचं, एक महिन्याचं काम, जेवण मालकाचं. माझा नवरा तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं, घर खायला उठायचं, मी लगेच तयार झाले. फुलवंता तयार नव्हती. तू सहा वर्षांची. तुझे बाबा, बुधरामजी, तेही नको म्हणत होते. त्यांना मी पटवलं. तिलाही मीच पटवलं. "एक महिना त आहे वो, पोरगी आजीपाशी राहीन," हे माझे शब्द. तू दारात उभी राहून निळं दप्तर मागितलं होतंस.

वडसा, चांदा, बल्लारशापर्यंत स्टेशनच्या पाट्या वाचता आल्या. पुढची अक्षरं गोल गोल, जिलेबीसारखी. बायांना त्याचंही हसू आलं. उतरल्यावर एका ट्रॅक्टरमध्ये बसवलं आणि नोंद करायची म्हणून ज्यांच्याकडे होती त्यांची मतदान कार्डं आणि होते ते तीन मोबाइल घेतले. त्या गावाचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नाही. बियाण्याच्या धानाची शेती, नजर पोचेल तिथपर्यंत, भोवती करंटाची तार. झोपायला खताचं गोदाम, त्याला बाहेरून कुलूप. महिना संपला तेव्हा आम्ही गाठोडी बांधून दारात बसलो. मुकादमानं गाठोडी उचलून मळ्याच्या विहिरीत टाकली. एवढंच उत्तर मिळालं.

तिथं दोन वर्षं गेली. सरकारी कागदात त्याला बंधुआ मजूर म्हणतात. म्हणोत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मार खात काम करणारी, आजारी पडली तरी जिला बाहेर जाता येत नाही, जिच्याकडे रात्री कोण येईल ते दुसरा ठरवतो, तिला मी गुलाम म्हणते. तू लहानपणी माझ्या पाठीला तेल लावताना विचारायचीस, हे काय आहे. मी सांगायचे, गाईनं शिंग मारलं. गाईचं शिंग असं पट्ट्यासारखं उमटत नाही, एवढं आता नर्सला कळत असेल.

फुलवंता सकाळी उठली की पहिलं तुझं वय मोजायची. "आता शाळेत घातली असन. आता दुसरीत गेली असन. दप्तर कोणतं घेतलं असन, बाई?" मला बाई म्हणायची ती, मोठी बहीण म्हणून. आमचा बाप एक, माया दोन. पण आम्ही ते कधी मोजलं नाही.

तुझी मोठी माय


आमगाव
६ जुलै

मोनाली,

इथं रोवणी लागली. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की तुझ्या मामांच्या बांध्या, ती धानाची खाचरं, कशा भरतात ते तू पाहिलंच आहेस. रोवणारी बाई वाकून मागं मागं सरकते, हेही पाहिलं आहेस. पुढं रोवलेलं हिरवं, पाठीमागं नुसता चिखल. आपण मागं कुठं जातो ते आपल्याला दिसत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला आपली डोकी तेवढी दिसतात.

त्यावरच मी बेत रचला. २०१३ चा जुलै. मुकादम पुढच्या धुऱ्यावर, बांधावर, खुर्ची टाकून बसायचा. कालव्याकडची एक मोठी बांधी होती, तिथं तार नव्हती, कालवाच कुंपण. मी तीन दिवस रांगेची चाल पाहिली. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, मुकादमाचा चहा यायच्या वेळेला, आमची पाठ कालव्याला लागणार होती. टोकाच्या दोघींनी धुऱ्यावरून कालव्यात घसरायचं, बाकीच्यांनी हात लांबवून रांग भरून काढायची. कालव्याला थोडं पुढं मोरी होती. मोरीखाली एकमेकीची वाट पाहायची आणि मग पाण्यातूनच सडकेला लागायचं. आधी आम्ही दोघी जाणार, बाहेर जाऊन बाकीच्यांसाठी माणसं आणणार, असं ठरलं.

ठरलं तसं मी घसरले. ती मागं राहिली. मी मोरीखाली थांबले, खूप थांबले, ती आली नाही. मग मी निघाले. अकरा दिवसांनी गावात पोचले.

गावात मी सांगितलं की ती मागून येतेच आहे. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. दिवाळीनंतर मी मिरची तोडणाऱ्यांच्या टोळीत शिरून परत त्या भागात गेले. कालव्यावर भांडी घासायला येणाऱ्या आमच्या टोळीतल्या बायांना गाठलं. पाच जणी माझ्याबरोबर निघाल्या. सगळ्यांत लहान डिंपल, सतरा वर्षांची. गाडीत बसल्यावर मी विचारलं, फुलवंता कुठल्या बांधीवर असते आता? डिंपल माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "बाई, ते त त्याच वेळी गेली. मारानं, तिसऱ्या दिवशी. गोदामातच."

पत्ता मागितला होतास ना. लिहून घे. कालव्याची मोरी. मोरीपासून उगवतीला सात ताडाची झाडं. तिसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या मधे, धुऱ्याच्या बुडाशी. पाचही जणींनी पाहिलं होतं.

त्याच गाडीत मी त्यांना बडादेवाची आण घातली की हे गावात कोणी बोलायचं नाही. कारण ऐक. आत अजून आठ जणी होत्या. त्यांना सोडवायचं तर घरच्यांनी तक्रारीवर अंगठा द्यायला हवा, सरकारी साहेब त्याशिवाय हलत नव्हता. आणि प्रत्येक घरात एकच बोलणं, "तक्रार केली अन् त्यानं पोरीले मारून टाकलं त?" मी काय सांगायला हवं होतं, हो, मारतात? मी सांगितलं, मारत नाहीत, मी पळाले, फुलवंता पळाली, दोघी धडधाकट आहोत. मग त्यांनी विचारलं, धडधाकट आहे तर घरी काऊन येत नाही? त्यावर मी म्हटलं, तिला तिकडं दुसरा माणूस भेटला.

अंगठे मिळाले आणि आठही जणी आल्या. पुढं सेवकरामनं दुसरीकडं नेलेल्या पोरींच्या घरीही मी हेच सांगत फिरले. आतापर्यंत एक्केचाळीस जणी आल्या. लोक मला शाल घालतात, कार्यक्रमात फोटो काढतात. त्या प्रत्येकीच्या दारात मी तुझ्या मायला छिनाल ठरवून आत शिरले आहे.

तुझ्या बाबांनी दुसरी केली, ती पहिली पळाली म्हणून. तुला शाळेत पोरी काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. आठवीत असताना तू तिचा एकुलता फोटो चुलीत टाकलास, तेव्हा मी तिथंच बसून तांदूळ निवडत होते. कागद वळत वळत जळला. मी खडे काढत राहिले.

जमुना


आमगाव
२१ जुलै

मोनाली,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ, आणि तीही मायन्याशिवाय. "ती काऊन मागं राहिली?"

हे तू विचारशील याची मला भीती होती. मागच्या पत्रात मी ते एका वाक्यात गुंडाळलं, तुझ्या नजरेतून सुटलं नाही. खोटं लिहू का, असा दोन दिवस विचार केला. पाय मुरगळला, मुकादमानं पाहिलं, असं काहीही चाललं असतं. पण तू नर्स होणार. जखम झाकून ठेवली की काय होतं ते तुला मी शिकवायला नको.

तुझ्या आजीचा एक नेम होता. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी एकदा उघडली की ती रोवूनच बांधीबाहेर पाय काढायचा. उघडी पेंडी चिखलात टाकली तर घरचं लेकरू उपाशी राहतं. आम्ही दोघी लहानपणी त्यावरून मार खाल्लेल्या. फुलवंता आठ वर्षांची असताना अर्धी पेंडी टाकून बोरं खायला पळाली होती, तेव्हा तिला ओढत परत आणून मीच ती रोवून घेतली. म्हणजे हे तिच्या अंगात मी भरलं.

त्या दिवशी मी खूण केली तेव्हा तिनं नुकतीच पेंडी उघडली होती. मी म्हटलं, टाक ते, चाल. ती म्हणाली, "थांब बाई, इतकीच त आहे. घरी मोनाली आहे माझी." आणि वाकली.

मालकाचं शेत, मालकाचं धान, आणि नेम आपला. हे त्या मुलुखातल्या कोणाला सांगितलं तर हसेल. तू हसणार नाहीस.

तुझ्यामुळं ती राहिली असं मनात आणशील तर थोबाडीत मारीन. मनात आणशीलच, हेही मला कळतं. म्हणून सांगत नव्हते.

आता मागणं. मे महिन्यात मी पोलिसांना जागा दाखवली आणि हाडं निघाली. ती कोणाची ते सिद्ध व्हायला हवं. माझं रक्त घेतलं, पण साहेब म्हणाले, बाप एक अन् माया दोन, अर्धंच जुळतं, वकील फाडून खाईल. लेकीचं रक्त पक्कं. तुझ्याशिवाय तिला आणखी लेकरू नाही. सेवकराम जामिनावर सुटला आहे. परवा इथल्या बाजारात भेटला, हसून म्हणाला, "काय जमुनाबाई, बरी आहेस काय? फुलवंताची काही चिठ्ठीपत्री?" मी टोपलीतली वांगी तिथंच टाकून घरी आले. त्याच्या मागून अजूनही पोरी जातील, मोनाली. माझ्या एकटीच्या शब्दावर तो थांबणार नाही, कारण माझाच शब्द बारा वर्षं त्याच्या बाजूनं साक्ष देत होता.

पाच ऑगस्टला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात, अकरा वाजता. आलीस तर ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

तुझी मोठी माय


आमगाव
२४ नोव्हेंबर

मोनाली,

पाच ऑगस्टला तू आलीस. बाही वर केलीस, त्या नवख्या पोरीला नस सापडेना तर तूच बोट ठेवून दाखवलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पायऱ्या उतरताना मात्र थांबलीस आणि विचारलंस, "पेंडी पुरी झाली होती काय?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तू मान हलवलीस आणि ऑटोत बसलीस. तेव्हापासून डिंपल सांगते की तू तिला फोन करून तेच विचारत राहतेस, आणि जेवत नाहीस, वजन उतरलं आहे. मी तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. ती बिचारी माझी आण अजून पाळते.

आधी बाकीचं सांगते. रिपोर्ट आला. जुळलं. पोलिसांनी तुलाही कळवलं असेल. नऊ सप्टेंबरला माझी साक्ष झाली तेव्हा रिपोर्ट आला नव्हता. सेवकरामच्या वकिलानं मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. "बाई, बारा वर्षं तुम्ही गावाला सांगितलं की ती जिवंत आहे. आज सांगता की मेली. तेव्हा खोटं बोलत होता की आता?" मी म्हटलं, तेव्हा. तो कोर्टाकडे वळून हसला. आता त्याचं हसू गेलं आहे म्हणतात. निकाल कधी लागेल ते देव जाणे, पण सेवकरामचा जामीन रद्द झाला.

पत्ता बदलला आहे, तोही लिहून घे. काल तिला गावी आणलं. आपल्या शिवारात, मोहाच्या झाडांच्या पलीकडं, आजीच्या शेजारी. तुझे बाबा आले होते. त्यांनी खड्डा स्वतः खणला, कोणाला हात लावू दिला नाही. तिच्या नावाचा दगड अजून उभा केला नाही. तो लेकीनं करायचा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

आता तू विचारलं होतंस ते.

सहा जुलैच्या पत्रात मी लिहिलं की मी मोरीखाली थांबले, खूप थांबले. ते वाक्य खोटं आहे. मी थांबले नाही. मोरीखाली पाणी छातीपर्यंत होतं, वर कुत्रं भुंकलं, आणि माझे पाय आपोआप पुढं निघाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तोंड पुढं करून चालत होते. थोडं पुढं गेले असेन तेव्हा मागून हाक आली. "बाई." एकदा हळू. मग मोठ्यानं, "बाई, कुठं आहेस वो?" मी ऐकली. वळले नाही.

डिंपल रांगेत तिच्या शेजारी होती. तिनं सगळं पाहिलं. मुकादमाच्या हातात चहा होता, त्याचं रांगेकडे लक्षसुद्धा नव्हतं. फुलवंता धुऱ्यावरून कालव्यात उतरलेली त्याला दिसली नाही. बेत जसा होता तसा पार पडला होता. तो उठला तो त्या हाकेनं. मोरीखाली मी असते तर तिला हाक मारावी लागली नसती.

गावाला मी फसवलं ते एक्केचाळीस पोरींसाठी, असं म्हणता येतं. तुला फसवलं ते माझ्यासाठी. पेंडीमुळं ती गेली असं तुला वाटत राहिलं तर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हतं, आणि ते मला चाललं असतं. तू जेवत नाहीस हे ऐकलं, मग चालेना. कोर्टात मला हे कोणी विचारलं नाही. विचारलं तर सांगीन.

तेव्हा नीट ऐक, आणि यानंतर जेवायला बस. पेंडी पूर्ण झाली होती. शेवटची काडी रोवून, हात धुऊन ती उठली, वेळेत उठली, आणि ठरल्याप्रमाणे मोरीपर्यंत पोचली. तिथं मी नव्हते.

जमुना